अकरा वाजताचं जेवण

जून उतरणीला लागला की नांदेडच्या बसस्टँडवर गाद्या दिसायला लागतात. गुंडाळलेल्या, सुतळीनं आवळून बांधलेल्या. गादीच्या एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला पोरगं, आणि मागं कुकर पोटाशी धरून आई. सगळे लातूरच्या गाडीची वाट बघत उभे. रानात तिफण निघाली की जसं न सांगता कळतं, तसं गादी दिसली की मला कळतं, कोचिंगचा हंगाम आला. आमच्याकडं आता दोन पेरण्या होतात, एक रानात आणि एक लातुरात. दुबार पेरणीची पाळी दोन्हीकडं येते.

आमच्या घरात तर यंदा तिबार पेरणीचा घाट चालला होता. माझी नात ऋतुजा मेडिकलच्या परीक्षेला दोनदा बसली आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. पहिल्या वेळी घर रडतं, दुसऱ्या वेळी घर कुजबुजतं. कुजबुज अशी की माझा मुलगा प्रमोद तिला तिसऱ्यांदा बसवायचं म्हणत होता. ऋतुजाची त्याला ना नव्हती. पण ऋतुजा लातूरला जाते म्हणजे एकटी जात नाही, तिच्यामागं माझी सून वैशाली जाते. खोली घ्यायची, गॅस मांडायचा, पोरीला वेळेवर गरम घालायचं आणि ती क्लासला गेली की खिडकीत बसून ती यायची वाट बघायची. लातुरात अशा आया गल्लीगल्लीत आहेत. क्लास सुटायच्या वेळी फाटकाबाहेर डबे धरून उभ्या असतात.

वैशाली लॅबमधली बाई. रक्त काढायचं काम तिनं अकरा वर्षं केलं. म्हातारी माणसं आधी विचारायची, त्या हलक्या हाताच्या बाई आल्यात का, आणि मगच बाही वर करायची. ते काम बिनपगारी रजेवर टाकून ती दोन वर्षं लातुरात राहिली. आता लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला होता, या महिन्यात रुजू व्हा, नाहीतर आम्ही दुसरी बाई बघतो. म्हणजे हिशेब सरळ होता. लातूरची खोली पुन्हा घ्यायची तर वैशालीची खुर्ची जायची. हे घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं आणि चौघंही पावसापाण्याच्या गप्पा मारत होते.

तिला पहिल्यांदा लातूरला कुणी धाडलं? मी. पण ते पुढं सांगते. माणसानं स्वतःची अब्रू जरा टप्प्याटप्प्यानं काढावी, एकदम काढली तर मजा राहत नाही.

अशा वातावरणात प्रमोदनं जाहीर केलं की रविवारी सगळ्यांनी ब्रंचला जायचं. त्याची औषधांची एजन्सी आहे. कडू गोळीवर साखरेचं आवरण असतं हे त्याला धंद्यानंच शिकवलंय, त्यामुळं मी ओळखलं की रविवारी काहीतरी गिळायला लावणार. ब्रंच म्हणजे काय ते ऋतुजानं मला समजावलं. नाष्ट्याच्या नंतर आणि जेवणाच्या आधी, अकराला बसायचं आणि निवांत दीड-दोनपर्यंत खात राहायचं, मोठ्या शहरांत सगळे करतात. मी म्हटलं, हे मला नको शिकवू, मी हे चाळीस दिवस रोज खाल्लंय. उघड्या रानात, तीन दगडांच्या चुलीवर, भूकंपाच्या साली.

ऋतुजानं मोबाइलमधून मान वर केली. दोन वर्षं लातुरात राहून आलेली पोर, पण लातूर हललं होतं हे तिच्या लेखी पुस्तकातलं. तिच्या लेखी मीही पुस्तकातलीच असणार.

आम्ही तेव्हा लातुरात राहायचो. आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक होते आणि प्रमोद तेरा वर्षांचा. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतून लोक दमून आले, आडवे झाले आणि पहाटे जमीन हलली. त्या पहाटेबद्दल मी लिहिणार नाही. तिकडं किल्लारीकडं ज्यांची घरंच्या घरं मातीत गेली, तो अधिकार त्यांचा. आमच्या गल्लीत एक कंपाउंडची भिंत पडली आणि माझ्या स्वयंपाकघराला छतापासून ओट्यापर्यंत एक चीर गेली. एवढंच. पण ती चीर बघितल्यावर त्या ओट्याशी उभं राहून पीठ मळायची कुणाची छाती होईना.

गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता. तिथं आम्ही तीन बिऱ्हाडांनी ताडपत्र्या बांधल्या. एक आमचं. एक शेजारच्या शकीला आपांचं, त्यांच्या मालकांचं शिवणकामाचं दुकान तीन पिढ्यांचं होतं. आणि एक कांबळे बाईंचं, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. तोवर आम्ही तिघी एकमेकींच्या दारात वाटीभर साखरेपुरत्या उभ्या राहणाऱ्या. दारातच. आत कुणी यायचं नाही, का यायचं नाही ते कुणी विचारायचं नाही. प्लॉटवर दारच नव्हतं. पहिल्या दिवशी तीन चुली मांडल्या, तिसऱ्या दिवशी एकच उरली. सरपण कमी होतं हे कारण सगळ्यांनी आनंदानं मान्य केलं.

घरातून पीठमीठ आणायची एक पद्धत पडली. जिची पाळी तिनं आत जायचं, बाकीच्या दोघींनी उंबऱ्याबाहेर उभं राहून तिच्याशी मोठ्यानं बोलत राहायचं. आतलीनं उत्तर देत राहायचं. डाळ सापडली, तिखट सापडलं, हळदीचा डबा कुणी हलवला, असं ओरडत ती फिरायची. तिचा आवाज थांबला की बाहेरच्या दोघी हाकांवर हाका मारायच्या. ओट्यावर एका पालथ्या पेल्यावर दुसरा पेला ठेवलेला असायचा. तो खणखणला की हातात असेल ते घेऊन पळायचं. एकदा मी पोळपाट छातीशी धरून अनवाणी पळत सुटले, आणि नंतर कळलं की पेला मांजरानं पाडला होता. हे दिव्य दिवसातून दोनदा कोण करणार? म्हणून एकच स्वयंपाक, सकाळी अकराला. तोच नाष्टा, तेच जेवण. रात्री पोरांना चहात बुडवून काहीबाही. आता मला सांगा, ब्रंच कुणी काढलं?

रविवारी आम्ही गेलो ते रेस्टॉरंट एका नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. एक बाजू सगळी काचेची. टेबलावर ताजी फुलं, पाण्यात काकडीच्या चकत्या, आणि गाणं असं की कुणीतरी झोपेत गुणगुणतंय. मी ठेवणीतली इरकल नेसले होते. माझ्या वयाच्या बायका अशा ठिकाणी अंग चोरून बसतात, मी नाही बसत. मी खुर्ची ओढली आणि मेन्यू कार्ड लांब धरून जरा मोठ्यानंच वाचायला लागले. अव्होकाडो टोस्ट. सावरडो. हॉलंडेज. प्रमोद म्हणाला, "आई, हळू." मी म्हटलं, वाचायला ठेवलंय ना, का नुसतं बघायला?

वेटर चाळिशी ओलांडलेला, मिशीत पांढरं आलेला गृहस्थ होता. इंग्रजीत स्वागत करून झालं. मी विचारलं, गाव कोणतं? अहमदपूर. मग सावरडो नावाच्या पावावर बोट ठेवून मी त्याला विचारलं, हे कसं असतं? त्यानं मॅनेजरकडं एक नजर टाकली आणि खाली वाकून म्हणाला, "माय, ते नका घेऊ. लई चिवट हाय, दाताला दम न्हाई पुरायचा." माझ्यासाठी त्यानंच केळ्याचे पॅनकेक ठरवले. केळी अर्धापूरची आहेत, असंही हळूच सांगितलं. कार्डावर मात्र त्या केळ्यांना असं काही नाव होतं की अर्धापूरच्या शेतकऱ्यानं आपली केळी ओळखली नसती.

ऑर्डर गेली. प्रमोद रुमाल उलगडत होता, घडी करत होता. वैशाली सगळ्यांच्या ग्लासात पाणी ओतत होती. वेटर चार जण उभे असताना पाणी तीच ओतत होती.

आता भूकंपाच्या साली मी कोण होते ते सांगते. वय छत्तीस, अक्कल सोळाची आणि तोरा साठीचा. माझ्या सासूबाई मुखेडच्या, बोलायला गोड आणि नेमाला कडक. त्यांनी मला एकच शिकवलं, बाईनं सगळ्यांच्या मागून जेवावं. मी ते नेम म्हणून नाही, शर्यत म्हणून घेतलं. गल्लीतल्या बाकीच्या बायका दोनला जेवायच्या, तर मी अडीचला. कुणी विचारलं की जेवलीस का, तर मी आधी एक उसासा टाकायची आणि मग म्हणायची, बसते आता, माझं काय. त्या उसाशाचा मी चांगला सराव केला होता. तळाचं वरण, काठाचा भात, पोरानं अर्धी टाकलेली भाकरी, हे माझं जेवण, आणि ते दिसेल अशा बेतानं खिडकीजवळ बसून मी जेवायची. आयुष्यात हजारो भाकरी थापल्या, पण तव्यावरची गरम भाकरी खाल्लेली मला आठवत नव्हती. त्याचा मला अभिमान होता. माणसाला कशाचा अभिमान वाटेल सांगता येत नाही.

प्लॉटवर पहिल्यांदा सामाईक स्वयंपाक झाला त्या दिवशी अकराला भाकरी झाल्या. पोरं जेवली. शकीला आपांनी ताट ओढलं, कांबळे बाईंनी ओढलं. पुरुष सगळे किल्लारीकडं. ह्यांचं वर्कशॉप तर रात्रंदिवस गाड्या दुरुस्त करून तिकडं धाडत होतं, हेही एका गाडीसोबत गेले होते. मी दोन भाकरी फडक्यात बांधल्या, वरण झाकलं आणि ह्यांची वाट बघत बसले. बारा वाजले, दोन वाजले. आपा दोनदा म्हणाल्या, बाई दोनदा म्हणाल्या. मी उसासा टाकून म्हटलं, हे येऊ द्या.

हे चारला आले. कपडे मातीचे, भुवया मातीच्या, कानात माती. मी लगबगीनं ताट मांडायला उठले, तर ते म्हणाले, नको, तिकडं छावणीत खिचडी दिली, खाऊन आलो. आणि आमच्याकडं पाठ करून बसले. काय बघून आले होते ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही, पुढंही फारसं कधी सांगितलं नाही.

मी रडायला लागले. आपांना वाटलं किल्लारीसाठी रडते. मी माझ्या दोन भाकरींसाठी रडत होते. सबंध मुलूख आपली माणसं पुरत होता आणि मी रडत होते, कारण माझं थांबणं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आपा हुशार, त्यांनी ओळखलं. फडकं सोडून त्यांनी भाकरी हातात घेतली, वाजवून बघितली, आणि म्हणाल्या, "भाबी, तुम्हारा सबर कौन देखा? ये रोटी देखी. देखो, पत्थर हो गई." आणि त्या दोन्ही भाकरी त्यांनी आपल्या शेळीपुढं टाकल्या. माझ्या पातिव्रत्याची एवढी थेट विल्हेवाट कुणीच लावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराला मी भाकरी थापत होते. आपांनी मला हाताला धरून उठवलं, स्वतः बसल्या आणि पहिली भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात टाकली. टम्म फुगलेली. मी पापुद्रा उचलला तशी आतून वाफ आली आणि बोटं पोळली. वर शेंगदाण्याची चटणी, कांबळे बाईंच्या घरचा येसर मसाला घालून केलेली आमटी. बायका तिघी एका ओळीत, पोरं समोर, ऊन अजून सोसवेल इतकं. ज्वारीला स्वतःची एक गोडी असते, ती गरम असतानाच लागते. थंड झाली की ती गोडी जाते आणि नुसतं पोट भरायचं काम उरतं. हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी सगळ्या घरादाराला ती गोडी वाढत होते आणि मला वाटत होतं की मला सगळं कळतं.

मी तीन भाकरी खाल्ल्या. चौथी मागितली.

त्या दिवसांबद्दल एक गोष्ट मी इतकी वर्षं बोलले नाही, ती आता बोलते. गाड्या भरून माणसं दवाखान्यात येत होती, रोज कुणाची ना कुणाची बातमी येत होती, आणि मला मात्र सकाळी नऊपासून अकराची ओढ लागायची. मला लाज वाटायची. एकदा आमटी भुरकताना रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्यात एक म्हातारी बसली होती, एकटी, मांडीवर एक पितळी तांब्या घेऊन. आम्ही तिघींनी ताटं खाली ठेवली. ट्रॅक्टर वळला. मग कांबळे बाईंनी ताट उचललं आणि माझ्याही हातात दिलं. दुपारी आम्ही तिघींनी मिळून शंभरेक भाकऱ्या केल्या आणि ह्यांच्या गाडीतून तिकडं धाडल्या, मग ते रोजचंच झालं. पोटात गरम घास असला की हातही लवकर चालतो, हेही तेव्हाच कळलं.

पंधरा दिवसांनी मुखेडहून माझी नणंद विचारपूस करायला आली. मला गळ्यात घेऊन रडायच्या तयारीनं आलेली बाई, दोन पावलांवर थबकली. म्हणाली, "अगं, भूकंपात माणसं वाळतात म्हणे, तू कशी भरलीस?" माझ्या पोलक्याच्या बाह्या घट्ट झाल्या होत्या. शकीला आपांच्या मालकांनी त्या उसवून सैल करून दिल्या. गल्लीत हसं झालं आणि मीही हसले.

दिवाळीनंतर कुणी इंजिनिअर येऊन घरं बघून गेला. घर ठीक आहे म्हणाला. चीर बुजवली, वरून चुना मारला आणि आम्ही आत गेलो. पहिल्या दिवशी मी ओट्याशी उभी राहिले, सगळ्यांना वाढलं आणि अडीच वाजता खिडकीजवळ बसून काठाचा भात खाल्ला. मला कुणीही सांगितलं नव्हतं. सासूबाई मुखेडला होत्या. हे तर एकदा म्हणाले होते, तिथं बसायचीस तशी इथंही बस ना आमच्याबरोबर. मी काय केलं? उसासा टाकला. जमीन एवढी हलली, घराची भिंत उकलली, पण माझं डोकं काही जागचं हललं नाही. हे जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांच्यासोबत गरम ताटाला बसायचं राहिलं ते राहिलंच.

त्या प्लॉटवर पुढं मुलींचं चार मजली हॉस्टेल उभं राहिलं. लातूर असं काही वाढलं की आम्हालाच रस्ते विचारायची वेळ आली. पूर्वी लातूरचं नाव काढलं की माणसं डाळीच्या अडतीबद्दल बोलायची, मग भूकंपाबद्दल बोलायला लागली, आणि आता बोलतात ते मार्कांबद्दल. आम्ही प्रमोदच्या धंद्यापायी नांदेडला आलो आणि इथं वैशाली सून म्हणून आली.

तिला मी कधीच म्हटलं नाही की मागून जेव. मी तेवढी मागासलेली नव्हते. फक्त ती प्रमोदबरोबर ताटावर बसली की मी आत भांडी जरा जोरात ठेवायची. पातेलं, मग झाकण, मग पळी. सहा महिन्यांत ती माझ्याही नंतर जेवायला लागली. मी बायकांत सांगायची, आमची सून गुणाची आहे.

आणि ऋतुजाला लातूरला ठेवायची वेळ आली तेव्हा मेस, हॉस्टेल असं सगळं बोलणं चाललं होतं, त्यात मीच म्हणाले की रक्त काय, कुणीही काढील, पोरीला घास कोण भरवणार? वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोन दिवसांत चौघींना ऐकवलं. तिसऱ्या दिवशी वैशालीनं रजेचा अर्ज लिहिला. ही ती अब्रू, जी मी वर राखून ठेवली होती.

तर रेस्टॉरंट. तिथं सगळ्यांचं खाणं एकदम येत नाही. ज्याचं तयार होईल त्याचं गरमागरम पुढं येतं आणि त्यानं लगेच सुरू करायचं, अशी रीत. वेटरनं ती आम्हाला आधीच सांगितली होती. पहिली प्लेट वैशालीची आली. मशरूम घातलेलं ऑम्लेट, कडेनं सोनेरी, वर चीज अजून उकळतंय. वेटरनं ती तिच्यापुढं ठेवली. वैशालीनं दोन बोटांनी प्लेटची कड धरली आणि ती प्रमोदपुढं सरकवली.

प्रमोद बोलण्याच्या तयारीत होता, त्यानं बघितलंही नाही. काटा उचलला आणि खायला लागला.

ती दोन बोटं माझी होती. म्हणजे हात तिचा, पण ढकलायची लकब माझी. आरशात आपलं थोबाड अवचित दिसावं तसं झालं.

खाता खाता प्रमोदनं सुरुवात केली. लातूरच्या घरमालकाचा फोन आला होता. तीच खोली रिकामी आहे, मंगळवारपर्यंत सांगा म्हणतोय. दोन वर्षं निघाली, अजून एक निघेल, क्लासचे सर म्हणतात पोरीत दम आहे. मी विचारलं, आणि लॅब? तो म्हणाला, "लॅब कुठं पळून चाललीय आई? बघू नंतर." वैशाली आधी आलेला चहा चमच्यानं ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती.

मग ऋतुजा बोलली. टेबलाकडं बघत, पण स्पष्ट. "पप्पा, मला परत बसायचंय. पण मम्मी नको. मी जेवायला लागले की ती समोर बसून बघत राहते, आणि मी उठले की माझं उरलेलं खाते. दोन वर्षं मी एक घास नीट खाल्ला नाही. प्रत्येक घासाला वाटायचं, आता एवढे मार्क तरी पडलेच पाहिजेत."

आता माझी वेळ होती. गुरुवारपासून मी एक भाषण मनात घोळवत होते, आणि मला जमतं भाषण. मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. म्हटलं, प्रमोद, वैशालीला लातूरला धाडायची अक्कल माझी होती आणि ती चुकली. आता ती जाणार नाही. ती लॅबमध्ये जाईल. पोरीसोबत कुणीतरी हवंच असेल तर मी जाते. आणि नीट ऐकून ठेव, मी तिथं रांधणार नाही. आम्ही दोघी मेसमध्ये जेवू, समोरासमोर, एकाच वेळी.

"आई, तू काय बोलायलीस?" प्रमोद म्हणाला. "तुझे गुडघे बघ."

मी म्हटलं, मेसमध्ये मांडी घालून बसत नाहीत, टेबल असतं. गल्लीतल्या चाळीस पोरींनी सांगितलंय मला.

आणि मग मी वैशालीकडं बघितलं. खरं सांगायचं तर तिचे डोळे भरून यायची वाट बघत होते. सून गहिवरली की सासूनं कसं खांद्यावर हात ठेवायचा, तेही ठरवून झालं होतं.

वैशालीनं चमचा बशीत ठेवला. "आई, तुम्ही मला लातूरला धाडलंत तेव्हा मला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "आज थांबवताय, तेव्हाही नाही विचारलं."

गाणं वाजत होतं ते अचानक मोठं वाटायला लागलं.

"मी शुक्रवारीच लॅबच्या मॅडमना फोन केला. उद्या रुजू होतेय. तुम्ही सगळे काय काय ठरवता ते एकदा ऐकून घ्यायचं होतं, मग सांगणार होते."

मला राग आला. क्षणभर चांगलाच आला. गुरुवारपासूनचं भाषण, आणि हिनं शुक्रवारीच काम उरकलं होतं. पण त्या रागाच्या बुडाशी काहीतरी गुदगुल्या करत होतं, ते वर आलं आणि मी हसायला लागले. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, तरी थांबता येईना. म्हटलं, हाव बाई, चुकलं. पण मी मेसमध्ये जेवायला जाणार म्हटलं, तेवढं तरी राहू देशील?

"ते राहू द्या," वैशाली म्हणाली. "त्याची तुम्हाला गरज आहे."

ऋतुजा ग्लासात तोंड घालून हसली. प्रमोदच्या तोंडात ऑम्लेट होतं. त्यानं खाली बघितलं, मग वैशालीकडं बघितलं, आणि ते ऑम्लेट कुणाचं होतं हे बहुधा तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. प्लेट तिच्याकडं सरकवायला लागला. अर्धं संपलं होतं.

"असू द्या, उष्टं नको," ती म्हणाली, आणि तिनं अहमदपूरच्या वेटरला बोलावलं. हे एक अजून, आणि हे आधी आणा, बाकीच्यांचं मागून आलं तरी चालेल. तो "आणतो ताई" म्हणून गेला. जरा लवकरच घेऊन आला, असं मला वाटलं.

ते आलं. वाफा निघत होत्या. आमच्या तिघांपुढं प्रमोदची ती अर्धी प्लेट सोडली तर खायचं काहीच नव्हतं. वैशालीनं रुमाल मांडीवर पसरला आणि खायला सुरुवात केली. आमच्याकडं बघितलं नाही, थांबली नाही, कुणाला घ्या म्हणाली नाही.

वीस वर्षं ही बाई माझ्या घरात आहे आणि मी तिला जेवताना कधी बघितलंच नव्हतं. ती जेवायची तेव्हा मी आडवी झालेली असायची. ती डाव्या बाजूनं चावते. घास छोटा घेते. चव लागली की क्षणभर थांबते आणि मग पुढचा घास घेते. मिरपूड तिला बरीच लागते. दोनदा मागून घेतली.